गफ्फारनं घोडा हलवला नव्हता

गफ्फार, अन्याय तुझ्यावर झाला. परतूरच्या वाचनालयात झाला, गेल्या साली, म्हणजे १९९६ ला, पोळ्यानंतरच्या रविवारी, दुपारचा चहा फिरायच्या जरा आधी. भरल्या सभागृहात, माईकवरून झाला. हे मी पहिल्या ओळीतच लिहितो, कारण तुझ्या मातीला आलेले लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलत होते आणि एकानंही त्या रविवारचं नाव काढलं नाही. बिचारा किती हुशार, म्हणत होते. डोळे नसून काय मेंदू, म्हणत होते. त्यातले निम्मे त्या दिवशी सभागृहात बसलेले होते.

तुझा चाळीसावा अजून व्हायचा आहे. स्टेशनासमोरचा तुझा एसटीडी बूथ बंद आहे, शटरवर कोणीतरी सर्कशीचं पोस्टर चिकटवलंय. मी ते काढलं. दुसऱ्या दिवशी परत होतं.

तू म्हणायचास, माझी सगळी पत्रकं ओरडतात. "दिगू, तू लिहितो तव्हा मला कानात बोटं घालावी वाटतात. वाचून दाखवताना तरी हळू वाच." आजही मला हळू लिहिता येत नाही. ऐकून घे.

तुला तो पट पहिल्यांदा भेटला तो दिवस मला आठवतो. नंदूशेठच्या आडतीवर. त्यांचा मेहुणा बाहेरदेशातून घेऊन आल्ता. त्या पैशात चांगल्या दोन सायकली आल्या असत्या असं शेठ येईल त्याला सांगायचे, आणि म्हणूनच अख्ख्या परतुरात, परतुरात कशाला, अख्ख्या जिल्ह्यात तसला दुसरा पट कोणी पाहिला नव्हता. मी तुला सांगितलं, विजेवरचा बुद्धिबळाचा पट आहे, मोहरा घरावर दाबला की त्याला कळतं कोण कुठून कुठं गेलं, आणि मग तो स्वतः उलट चाल सांगतो. तू बूथ अम्मींवर सोपवून निघालास. रस्ताभर तू एकच विचारत होतास, "हात लावला की कळतं त्याला? खरंच हाताचं कळतं?"

तुझं ते हरखणं मला समजत होतं. सगळं जग डोळ्यांनी चाललेलं, आणि ही पहिली वस्तू जी म्हणे स्पर्शाला ओळखते.

शेठनं तुला खुर्ची दिली. तू प्यादं उचललंस, त्याच्या घरावर दाबलंस, टुंक. पुढच्या घरावर दाबलंस, टुंक. तू हसलास. मग काहीच झालं नाही. तू वाट बघत बसलास. मी म्हणालो, अरे त्यानं चाल सांगितली की, कडेचे दोन दिवे लागलेत.

"कशाचे दिवे?"

"लाल. आडवी रांग एक, उभी रांग एक. जिथं जुळतात ते घर."

तू म्हणालास, "म्हंजे हा मुका हाय. इशारे करून राह्यला. एक मुका, एक आंधळा. शेठ, जोडी तर बराबर जमली, मधात एक शहाणा बसवा."

तो शहाणा मी झालो. मी दिवे वाचायचो, तू खेळायचास. पुढं दर जुम्याला, नमाजानंतर, शेठची आडत थंड असताना. शेठला कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. तू त्याला सोप्या पातळीवर हरवलंस, मधल्या पातळीवर हरवलंस, वरच्या पातळीवर तो तुला हरवायचा आणि तू तेव्हा जास्त खूश असायचास. "हा थकत न्हाई," म्हणायचास. "हा म्हणत न्हाई की गफ्फार, जाऊ दे आता, घरी बायको वाट बघून राह्यली. हा मला आंधळा म्हणून सोडत बी न्हाई."

आपल्यासारख्या गावात हीच तर त्या पटाची मोहिनी होती. बुद्धिबळाला जोडीदार लागतो, आणि आंधळ्या माणसाच्या जोडीदाराला धीर लागतो. प्रत्येक चालीआधी तू सगळा पट चाचपून घ्यायचास. मोहऱ्याच्या डोक्यावर बोट टेकवायचं, हा उंट, हा हत्ती. मग तो जिथं जाऊ शकतो त्या घरावर बोट टेकवायचं, रिकामं आहे का. तुझं ते वाचणं होतं. आम्ही डोळे फिरवतो तसं तू बोट फिरवायचास. ज्याला घाई होती तो तुझ्याशी खेळायचाच नाही.

मी तेव्हा पत्रक काढलं. असले पट प्रत्येक वाचनालयात हवेत, सरकारनं त्यावरचा कर काढावा, इथंच बनवावेत, सामान्य माणसाच्या आवाक्यात यावेत. तुला वाचून दाखवलं, जमेल तितकं हळू. तुला पटलं नाही.

"सस्ते झाले म्हंजे काय होईल?"

"सगळ्यांच्या हातात येतील."

"आन् कोण म्हणतो सगळे चांगलंच करतील त्याचं? माझ्या बूथात मीटर हाय. हुशार हाय मीटर, सेकंद सेकंद मोजतं. पण पलीकडून फोन कोणी उचललाच न्हाई, नुसती रेकॉर्ड वाजली, तरी त्यानं बिल फाडलं म्हंजे फाडलं. गिऱ्हाईक माझ्यासंगं भांडतं. मशीनला कान असतात दिगू, अक्कल नसती. सस्ती झाली म्हणून येत न्हाई."

"मग काय महागच ठेवायची?"

"मी कुठं तसं म्हणलो. मी म्हणलो, थांब, फोन लागला." आणि खरंच जालन्याची लाइन लागली होती, एका बाईला तिच्या मुलीशी बोलायचं होतं. आपलं भांडण तिथंच राहिलं. त्यानंतर पाच-सहा वेळा सुरू झालं आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी लाइन लागली.

आता तो रविवार. मी तिथं नव्हतो. जालन्याला कलेक्टर कचेरीवर आमचा मोर्चा होता. जे मला ठाऊक आहे ते तुझ्या तोंडून आणि नंतर ज्यांनी ज्यांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं त्यांच्या तोंडून.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तू आधीचे सगळे डाव तुझ्या स्वतःच्या पटावर खेळलास, भोकांच्या, खुंट्यांच्या, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्याला दोरा गुंडाळलेल्या. शेवटचा डाव उरला. जिंकला तर संघात. आणि तेव्हा नंदूशेठच्या मनात आलं की शेवटचा डाव मानाचा, तो विजेच्या पटावर व्हावा. मशीन दोघांच्या चाली लक्षात ठेवतं, चूक चाल झाली की ओरडतं, भांडणाला जागाच नाही. पंच म्हणून बसलेल्या सरांना तेच हवं होतं. तुला विचारलं. तू हो म्हणालास. तुझा दोस्त होता तो पट, तू का नाही म्हणशील.

पण जुम्याला त्याच्यासमोर दिवे वाचायला मी असायचो. आणि एक गोष्ट तिथं कोणाच्या लक्षात आली नाही. जुम्याला तू चाचपायचास तेव्हा मी आधी बटण दाबून पटाला थांबवून ठेवायचो. ती आपल्या दोघांची सवय होती, इतकी सवय की आपण ती कोणाला सांगितली नाही, सांगायची असते हेही सुचलं नाही. त्या दिवशी बटण दाबायला कोणी नव्हतं, आणि चाचपताना एवढ्या तेवढ्या दाबाला तो टुंक करतो हे सभागृहात कोणाला माहीत नव्हतं. असणार कसं? पट जिल्ह्यात एकच.

आठ-दहा चाली तुझं बोट हलकं पडलं म्हणून निभावल्या. तुझी पाळी. तू घोड्याच्या डोक्यावर बोट टेकवलंस. टुंक. मग तो घोडा जिथं जाऊ शकतो ते घर रिकामं आहे का, म्हणून त्या घरावर बोट टेकवलंस. टुंक. तुला वाटलं नुसताच वाजला, आणि पटाच्या लेखी घोडा गेला. टेबलावर तो जागचा हलला नव्हता. त्याची मान जिकडं होती तिकडंच होती.

तू विचार केलास आणि घोडा न हलवता उंट हलवलास.

पट ओरडला. साधं टुंक नव्हतं ते, लांब, घोगरं. पंच सर उठून आले. दिवे बघितले.

"गफ्फार, तुझी चाल झालीय आधीच. घोडा."

"घोडा जाग्यावर हाय सर."

"आता आहे. म्हणजे तू परत ठेवलास."

"म्या उचललाच न्हाई. म्या बघून राह्यलो होतो फकत."

आणि मागून कोणीतरी म्हणालं, "आंधळा बघून राह्यला म्हणे," आणि सभागृह हसलं. तू मला हे सांगितलंस तेव्हा सगळ्यात सावकाश सांगितलंस, हसणं किती वेळ चाललं तेही सांगितलंस. मी त्या माणसाचं नाव शोधलंय. इथं छापत नाही, कारण तुला ते आवडलं नसतं. मला आवडलं असतं.

नंदूशेठ म्हणाले, "मशीन कशाला झूट बोलंल? त्याला काय संघात जायचंय का?" लोक पुन्हा हसले. समोर बसलेला जालन्याचा पोरगा, तुझा प्रतिस्पर्धी, खाली मान घालून होता. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते आणि तो टेबलाच्या पलीकडं दोन हातांवर होता. त्यानं तोंड उघडलं नाही. पंच सरांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं, केलेली चाल लपवून परत घेतल्याबद्दल शेख गफ्फार बाद. फळ्यावर तुझ्या नावापुढं लिहिलं, गैरप्रकार. मग चहा फिरला.

त्यानंतरचं मला लिहायचं नव्हतं, पण तेच लिहायला हवं. लोकांना वाटतं, खेळातली गोष्ट खेळात राहते. राहत नाही. दिवाळीच्या आसपास तुझ्या बूथात एक माणूस बिल बघून म्हणाला, "गफ्फारभाई, मीटर बराबर हाय ना? का चाल मागं घेतली?" मस्करीच होती. तूही हसलास. मग दुसरा म्हणाला. मग न म्हणता लोक बिलाची चिठ्ठी दारात उजेडात नेऊन दोनदा बघायला लागले. मग तू एक नवी रीत सुरू केलीस. गिऱ्हाइकानंच चिठ्ठी फाडायची, त्यानंच मोठ्यानं वाचायची, आणि तू नुसता हात पुढं करायचा. मी विचारलं हे काय, तर म्हणालास, "साक्ष लागते आता मला प्रत्येक गोष्टीला." आवाजात राग नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

जुम्याला आडतीवर जाणं तू बंद केलंस. घरचा पट अम्मींनी धान्याच्या कोठीवर ठेवला. मी एकदा काढून आणला, आपण बसलो, आणि तू मोहऱ्यांवर बोट टेकवायच्या आधी क्षणभर थांबलास. तुझ्या स्वतःच्या लाकडी पटावर. बोट हवेतच राहिलं. मग म्हणालास, "आज डोकं दुखून राह्यलं, जाऊ दे."

मी पत्रक काढायला निघालो. मथळासुद्धा तयार होता. तू हात धरलास.

"पत्रक न्हाई पायजे."

"मग काय गप्प बसायचं?"

"तू तिथं नव्हता. तू लिहिशील, लोक म्हणतील दोस्ताची बाजू घेतो. मला पत्रक न्हाई पायजे दिगू. मला एक माणूस पायजे. तिथं बसलेला. जो उभा राहून म्हणंल की म्या पाह्यलं, घोडा हलला न्हाई. बस. त्याच जागी म्हणावं, माईकची गरज न्हाई."

मी तो माणूस शोधायला निघालो. गफ्फार, मला एक नाही, कितीतरी सापडले. चहा फिरवणारा म्हणाला, मी कपबशा लावत होतो, घोडा तिथंच होता. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, अहो मला तर स्पष्ट दिसलं, पण मशीनपुढं आपण काय बोलणार. पहिल्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले, हलला नव्हता, शंभर टक्के, पण आता कशाला उकरायचं, शेठ वाचनालयाला पंखे देणार आहेत. प्रत्येकानं हे मला खासगीत सांगितलं, दार लोटून घेऊन. मी म्हणायचो, चला, हेच निवड समितीपुढं सांगा. मग त्यांना कामं आठवायची.

तुला मी खोटं सांगितलं नाही. विचारलंस, सापडला का, तर म्हणालो, पाहिलेले पुष्कळ सापडले, उभा राहणारा नाही. तू म्हणालास, "मंग एकूण आंधळे किती रे परतुरात?" आणि तुला आपल्याच बोलण्याचं हसू आलं. ते तुझं शेवटचं मोकळं हसू, नंतर कावीळ झाली, तू ती अंगावर काढलीस, आणि बाकी सगळ्यांना ठाऊक आहे.

गफ्फार, आपलं जे भांडण लाइन लागल्यामुळं राहून गेलं, ते मी आता पुरं करतो, तुला उत्तर देता येणार नाही हे माहीत असून. मी अजूनही म्हणतो, ते पट स्वस्त व्हायला हवेत. आता तर जास्तच म्हणतो. महाग वस्तूला कोणी खोटं म्हणत नाही. तसला पट शंभर घरांत असता, पोरासोरांनी त्यावर बोटं टेकवून टुंक टुंक करून आयांचं डोकं उठवलं असतं, तर त्या रविवारी सभागृहातलं शेंबडं पोर म्हणालं असतं, अहो सर, बोट टेकलं तरी वाजतं ते. एकच होता म्हणून तो देव झाला. शेठच्या कपाटातून देव निघाला, टेबलावर बसला आणि त्यानं कौल दिला. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. म्हणशील, शंभर घरांत असला तरी बोलणारं तोंड एकच लागतं, आणि ते विकत मिळत न्हाई. असेल. हे तुझं बरोबर असेल याचीच मला आता धास्ती आहे.

कारण ते थांबलेलं नाही. कापसाच्या बाजारात गेल्या हंगामापासून विजेचा काटा आलाय. आकडा लाल, तुझ्या पटासारखा. केदारखेड्याचा एक जण माझ्यादेखत म्हणाला, घरी मोजून आणलाय, इतका कमी कसा, तर मापाड्यानं नुसतं बोट करून आकडा दाखवला आणि पुढची गाडी बोलावली. त्याच्या मागं उभ्या असलेल्यांपैकी कोणीही काही म्हटलं नाही. मला त्यांचे चेहरे ओळखीचे वाटले. काटा खरा असेलही. पण विचारायची सवय आपण त्या रविवारी सोडली, आणि सोडलेली सवय परत येताना मी फारशी पाहिलेली नाही.

तो पट आता वाचनालयात आहे. शेठनी तो भेट दिला, काचेच्या कपाटात ठेवलाय. बॅटरी काढलेली नाही. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की शेवटचा डाव त्याच्या स्मरणात जसाच्या तसा आहे, बटण दाबलं की दिसतो. म्हणजे त्या कपाटात, आत कुठंतरी, तुझा घोडा अजून त्या घरावर उभा आहे जिथं तो कधी गेलाच नाही. मी काचेसमोर उभा राहिलो होतो. पुसलेली, स्वच्छ काच.

आणि आता जे कोणाला माहीत नाही ते. तू आजारी पडायच्या आठवडाभर आधी जाफराबादहून एक फोन आल्ता. मी बूथातच होतो. एका शेतकऱ्याचा होता, त्याची सुमन नावाची मुलगी, नववीत आहे, जन्मापासून दिसत नाही, बुद्धिबळ खेळते. तालुक्याला पहिली आली. यंदा पोळ्यानंतर परतूरला जिल्ह्याची निवड आहे, शेवटचे डाव त्या विजेच्या पटावर होणार असं कळवलंय. बाप विचारत होता, "भाऊ, तुमचं नाव ऐकलंय. तिथं काय काय झालं तेबी ऐकलंय. पोरगी पाठवू का नको? तुम्ही म्हणाल तसं."

तू रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावलास. मला वाटलं, नको म्हणशील. मी तुझ्या जागी असतो तर म्हणालो असतो.

तू म्हणालास, "पाठवा. बिलकुल पाठवा. मी हाय ना तिथं."

तू नाहीस तिथं. ती येणार आहे. तिच्या बापाला तू गेल्याचं मी फोनवर कळवलं, तो म्हणाला, मीटर पडत असंल तुमचं, ठेवतो. जाता जाता एवढंच म्हणाला की पोरगी ऐकत नाही, यायचंच म्हणते. ती तुझ्यासारखीच चाचपणार. घोड्याच्या डोक्यावर बोट टेकवणार, मग रिकाम्या घरावर. पट टुंक करणार. पंच तेच आहेत. मी समितीला लेखी कळवलं की पट बदला, निदान तिच्या चाचपण्याच्या वेळी तो थांबवून ठेवा. उत्तर आलं की मागच्या वर्षीच्या गैरप्रकारानंतर यंत्राची गरज अधिकच सिद्ध झाली आहे. गैरप्रकार म्हणजे तू, गफ्फार. तुझ्यावरचा खोटा ठपका आता त्या पोरीविरुद्धचा पुरावा झालाय.

तू मला खूप दिलंस. ऐकायला शिकवलंस, धीर धरायला शिकवायचा प्रयत्न केलास. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, तेही इथंच मानतो, कारण दुसरी जागा नाही. पण तुझं मागणं मी एकटा पुरवू शकत नाही. मी त्या दिवशी जालन्याला होतो. माझी साक्ष चालत नाही.

म्हणून आता तुझ्याशी बोलणं थांबवतो आणि जे हे वाचत आहेत त्यांच्याशी बोलतो.

परतूरकरांनो, त्या रविवारी तुम्ही सभागृहात होता. तुम्ही पाहिलं. पोळ्यानंतरच्या रविवारी पुन्हा या, पहिला डाव लागायच्या आधी या. सुमन टेबलाशी बसलेली असेल. तुमच्या खुर्चीवरून उभे राहा आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, गफ्फारनं घोडा हलवला नव्हता, मी पाहिलं. आणि समिती फळ्यावरचा शब्द मागं घेत नाही तोवर खाली बसू नका.